ज्वारीतलं पंचविसावं तास

अंगणवाडीत मी जन्मभर पोरं शिकवली, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर मी पोरं दाराच्या आत ठेवली. खोलीला एक दार, एक खिडकी, खिडकीबाहेर थोरलं कडुलिंबाचं झाड. त्या झाडाकडं पाठ करून मी भिंतीवरच्या तक्त्यातलं झाड शिकवायचे. मूळ, खोड, फांदी, पान. माझी छडी कागदाच्या पानावर टकटक करायची, आणि खऱ्या झाडाचा पाला वाऱ्यानं उंबऱ्याच्या आत आला की मदतनीस बाईंना हाक मारायचे, "अहो, तेवढा कचरा काढा."

एकदा एक चिमुरडी मूठ झाकून आली. मूठ उघडली तर आत सोनकिडा. हिरवागार, आणि ऊन लागलं की जांभळा. पोरीच्या डोळ्यांत तर त्याच्याहून जास्त चमक. मी म्हटलं, "शी! फेक बाहेर. हात धू." ती हात धुऊन येईपर्यंत मी फळ्यावर खडूनं मोठा किडा काढला, आणि आज कीटक शिकायचा म्हणून सगळ्यांना हाताची घडी घालायला लावली. पोरीनं लांबूनच बोटानं पाय मोजले.

"ताई, तुमच्या किड्याला आठ पाय हायत. माझ्याला सहाच व्हते."

"तुझा लंगडा असंल. बस खाली."

सगळी पोरं तिला हसली. आज ती दोन लेकरांची आई आहे. तुळजापूरच्या बाजारात भेटते, पाया पडते, आणि उठता उठता दर खेपेला विचारते, "ताई, पाय मोजले का?"

तर अशी ती छडीवाली, म्हणजे मी. धाराशिवात वाढलेली, कचेरीतल्या कारकुनाची लेक, मॅट्रिक पास. लग्न होऊन तामलवाडीच्या बाजूला या गावात आली तेव्हा ज्वारी म्हणजे डब्यातलं पीठ, एवढंच तिला ठाऊक. पण ठाऊक नाही असं म्हणायची तिला सवय नव्हती.

लग्नानंतरची पहिली येळवस आली. थंडीतल्या त्या अमावस्येला आमच्याकडं गावात कुणी राहत नाही. सगळं गाव आपापल्या रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की आंबील रानात शिंपडायचं आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा असं जेवण बांधावर. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला पलीकडच्या बांधावरून पाण्याची घागर आणायला सांगितली. "बांधाबांधानं जा," म्हणाल्या. मी बघितलं, बांध लांबून वळसा घालून जातोय. मॅट्रिक पास बाईनं हिशेब केला, की तिरपं गेलं की जवळ पडतं. पदर खोचला आणि शिरले ज्वारीत.

दाणा धरायच्या आधीची ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर असते. आत शिरलं की बांध नाही, कोप नाही, माणूस नाही. नुसती ज्वारीची उभी धाटं, इथं त्यांना ताटं म्हणतात, त्यांची पानं, आणि वर आभाळाची एक चिंधी. पन्नास पावलांत मला कळेना मी कुठून आले. मी ओरडले. बाहेर सगळे घाबरले आणि चहूबाजूंनी हाका मारायला लागले. नवऱ्याची हाक आली की मी इकडं वळायचे, दिराची आली की तिकडं. शेवटी खाली बसून रडायला लागले. मग आत्याबाईंचा आवाज आला. आधी बाकीच्यांवर, "गप ऱ्हावा की रं मेल्यांनो!" आणि मग माझ्यावर.

"ए बाई, उभी ऱ्हा. पुढ्यात वळ दिसतीया का? ताटाला ताट लागून सरळ गेलेली?"

"दिसतीय."

"त्येला तास म्हंत्यात. ते धर. दोन्ही हाताला पानं लागली पायजेत. येका हाताची सुटली की तू तास सोडलंस. चाल आता, अन् कुणी हाक मारली तरी वळू नगंस."

मी तास धरलं आणि चालत राहिले. बाहेर निघाले ती दुसऱ्याच बांधावर, शेजाऱ्यांच्या पंगतीत. केस विस्कटलेले, डोळे रडून लाल. त्यांनी काही विचारलं नाही. पानात भज्जी वाढली. संध्याकाळपर्यंत सगळ्या शिवारात झालं होतं, की अमक्याची सून आपल्याच रानात हरवली आणि दुसऱ्याच्या रानात जेवली.

आत्याबाई नंतर एवढंच म्हणाल्या, "जवारी कुणाला चुकवीत न्हाय. माणूसच तिरपं चालतंय."

त्यांची एक रीत होती. घरातलं लेकरू पाच वर्षांचं झालं की त्या येळवशीला त्याला एका तासात सोडायचं, एकट्याला. या बांधावरून शिरायचं, त्या बांधावर निघायचं. आत असताना बाहेरून कुणी हाक मारायची नाही, कारण हाकेनं लेकरू वळतं आणि तास सुटतं. माझ्या पोराला त्यांनी सोडलं तेव्हा मी अंगणवाडीची ताई झाले होते, बालकांच्या वाढीवर माझी दोन प्रशिक्षणं झाली होती. मी बांधावर बसून हुंदके देत होते. पोरगं शिट्टी मारत बाहेर आलं आणि मला विचारलं, "आई, तुला काय झालं?" मी आत्याबाईंशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते लक्षात तरी आलं की नाही, देव जाणे.

आता मूळ गोष्ट. ही अगदी अलीकडची, मागच्या येळवशीची.

मुलगा आणि सूनबाई धाराशिवात असतात. नात पाच वर्षांची झाली. तिच्या शाळेत एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलंय आणि त्यावर लाकडी प्राणी ठेवलेत. आठवड्यातून एकदा पोरं तिथं रांगेनं बसून निसर्ग बघतात. मी हसले नाही. मला हसायचा अधिकार नाही, कागदाचं झाड शिकवणारीला.

सूनबाई भली आहे, पण माझ्यावर तिचा भरवसा उडाला होता, आणि त्यात तिची चूक नव्हती. पावसाळ्यात मी नातीला ओढ्यात खेकडे बघायला नेलं होतं. खेकडे दिसले, आणि पोरगी चार दिवस तापानं फणफणली. येळवशीला येतानाच सूनबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, राग मानू नका. उन्हाळ्याची सगळी सुट्टी हिला तुमच्याकडं ठेवायचं माझ्या मनात आहे. पण ती एकदा जरी नजरेआड झाली ना, तर नाही ठेवणार."

"नाही होणार," मी म्हटलं.

आणि थोड्याच वेळात पोरीला घेऊन ज्वारीच्या कडेला उभी. काय करणार? पोरगी पाच वर्षांची झाली होती. पुढच्या येळवशीला ती सहाची, शहाणी, भित्री झाली असती. मनाशी एक पळवाट काढली मी: नजरेआड होईल, पण बांधाआड तर नाही ना होणार. म्हातारपणी माणूस स्वतःशी असलं वकिलासारखं बोलायला शिकतं.

सकाळचे नऊ वाजून गेले असतील. मुलानं उजाडताच आत फिरून रानडुकराचा माग नाही ना, ते बघितलं होतं. आता तो कोप बांधत होता, आणि सूनबाई पांडवांना चुना लावत होती. मी नातीला तिच्या बापाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला, पानं कापतात म्हणून. डोक्याला फडकं बांधलं. बाभळीच्या बांधापासून मोजून चोवीस तासं सोडली आणि पंचविसाव्याच्या पहिल्या ताटाला लाल दोरा बांधला.

"इथून सरळ जायचं. दोन्ही हातांना काय लागलं पाहिजे?"

"पानं."

"एका हाताला नाही लागली तर?"

"थांबायचं. मग परत शोधायची." मग जरा विचार करून, "आज्जी, आत कोण आहे?"

"कुणी नाही. तू."

हे ऐकून ती जी हसली, तसं हसू मी कुठल्याच अंगणवाडीत बघितलं नाही. आणि गेली. पानं सळसळली, हलली, थांबली. पोरगी दिसेनाशी झाली.

मी गुडघ्यांना शिव्या देत वळसा घालून पलीकडच्या बांधावर पोचले. तिथंही बाभळीपासून पंचवीस तासं मोजली. पुन्हा मोजली, कारण पहिल्या खेपेला चोवीस की पंचवीस असा घोळ झाला. मग तासाच्या तोंडाशी उभी राहिले आणि कान दिला.

काही नाही.

आमचं रान लांबोडकं आहे. मोठ्या माणसाला चार मिनिटं, लेकराला सात-आठ. माझ्या हातात घड्याळ नव्हतं. मी मनात आकडे मोजायला लागले आणि शंभरावर चुकले. सळसळ नाही, पाऊल नाही. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. आत्याबाईंना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी "गप ऱ्हावा की" ऐकू आलं.

सळसळ ऐकू आली ती माझ्या मागून. बघते तर सूनबाई, बांधावरून पळत येतीय. हाताला चुना.

"आई, ती कुठाय?"

मी ज्वारीकडं बोट दाखवलं. तिचा चेहरा असा झाला की तो मला आयुष्यभर पुरेल. तिनं छातीत श्वास भरून घेतला, आणि ती आता हाक मारणार हे बघून मी पुढं झाले आणि सरळ तिच्या तोंडावर हात दाबला. सासूनं सुनेच्या तोंडावर हात ठेवायचे दिवस गेले, हे मलाही कळतं. पण त्या क्षणी मी ठेवला.

"हाक मारलीस तर ती वळंल. वळली की तास सुटलं. मग सापडायला दुपार होईल. माझ्या मागून ये. बोलू नको. मला नंतर काय बोलायचं ते बोल."

तिनं माझा हात बाजूला केला. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच्या मागं राग होता. मी आत शिरले, ती माझ्या मागं.

कित्येक वर्षांनी मी ज्वारीच्या आत जात होते. कापायला, खुडायला बायका असतात. मी आपली बांधावरून "औंदा बरी आलीय" म्हणणारी. पानं गालाला लागत होती, पायाखाली भेगा पडलेली काळी माती. पन्नास पावलं गेलो. साठ. माझ्या काळजाचे ठोके मलाच ऐकू येत होते, आणि काही वेळानं माझ्या ध्यानात आलं की ऐकू येतंय ते काळीज नाही.

आवाज वरून येत होता. आधी लांब कुठंतरी मोटार चालू असावी तसा. मग एका बाजूनं नाही, सगळीकडूनच. आम्ही जसजशा आत जात होतो तसतसा तो दाटत चालला, इतका की तो कानाला नाही, दातांना लागत होता. सूनबाईनं मागून माझा पदर धरला.

आणि तिथं पोरगी होती. तासात मांडी घालून बसलेली, मान मागं टाकून वर बघत. फडकं सुटून खांद्यावर आलेलं. केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बारीक पिवळी पूड. जेजुरीहून आल्यासारखी. आम्हाला बघून ती दचकली नाही, उठलीही नाही. बोट ओठांवर ठेवलं.

"आज्जी," ती कुजबुजली, "हे कुणी चालू केलं?"

मी वर बघितलं.

आमच्या डोक्यावर कणसंच कणसं, आणि प्रत्येक कणसावर मधमाश्या. एखाद-दुसरी नव्हे. एका कणसावर पाच, सात, दहा. लहान, मोठ्या, काळपट, तांबूस. कणसाला उलट्या लटकून चालत होत्या, पाय झाडत होत्या, आणि त्यांच्या मागच्या पायांना पिवळे गोळे चिकटले होते, मोहरीएवढे. एक उठली की कणीस हलायचं आणि पिवळी पूड उन्हात खाली यायची, सावकाश, जणू तिला खाली यायची घाई नाही. दिसत होती तेवढी सगळी ज्वारी गुणगुणत होती, आणि दिसत नव्हती तीसुद्धा.

मी माझ्या आयुष्यात किती वेळा "मधमाशी फुलांवर बसते" शिकवलं असंल. तक्त्यावर गुलाब होता, वर हसरी माशी. ज्वारीला फुलोरा येतो हे आमच्याकडं शेंबडं पोरगं पण सांगतं, मीही सांगायचे. "फुलोऱ्यात आलीय," असं म्हणून पुढं जायचे. पण फुलोरा म्हणजे फुलं, आणि फुलं म्हणजे कुणीतरी त्यांच्याकडं येणार, हे एवढं माझ्या मॅट्रिक पास डोक्यात कधी शिरलं नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस येळवशी मी या आवाजापासून हाकेच्या अंतरावर भज्जी खात बसले होते.

गुडघे वाकत नव्हते, तरी मी खाली बसले. सूनबाई उभीच.

"चावतील गं," ती अगदी हळू म्हणाली.

"त्यांना वेळ कुठाय?" पोरगी म्हणाली. मग तिनं आम्हाला शिकवायला सुरुवात केली. अगदी माझ्यासारखं बोट रोखून, पण तक्त्याशिवाय. "ते बघ, त्या कणसाचं वरचं झालंय. तिथं कुणी बसत नाही. मधे पिवळं आहे ना, तिथं चालू आहे. खालचं अजून उघडलं नाही. उद्या उघडणार."

मी डोळे बारीक करून बघितलं. खरंच होतं. वरचा शेंडा वाळका दिसत होता, मधे पिवळ्या धाग्यांचा पट्टा, खाली हिरवं, मिटलेलं. शेजारच्या कणसाचा पट्टा जरा वर, त्याच्या पलीकडच्याचा अगदी खाली. प्रत्येक कणीस आपापल्या दिवसावर. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारं कुणी नव्हतंच तिथं. एवढा वेळ बाहेर न येता ती हेच वाचत बसली होती, आणि मी बाहेर आकडे चुकत होते.

सूनबाई केव्हा खाली बसली मला कळलं नाही. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यानं पापणीवरची पूड पुसायला गेली, पण तिच्या हातांना चुना होता. पोरीच्या पिवळ्या गालावर पांढरी बोटं उमटली. तिघी तशाच बसलो. किती वेळ ते विचारू नका. वरचा आवाज कमी होत गेला. ऊन चढलं तशा माश्या उठून जाऊ लागल्या. दुकान बंद होताना जशी माणसं पांगतात, तशा.

मग सूनबाई उठली, साडी झटकली आणि लेकीला उचलायला हात पुढं केले. "चल. बाबा वाट बघतायत."

पोरगी मागं सरकली. "नाही. माझं अर्धं राहिलंय. तुम्ही मधेच आलात."

"आपण तिघी जाऊ ना एकदम."

"मग ते मी गेले असं होत नाही."

सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. मी ज्वारीच्या ताटाकडं बघत राहिले. त्या दिवशी मी तिचा शब्द एकदा मोडला होता, दुसऱ्यांदा तिच्या तोंडावर हात ठेवला होता. तिसऱ्यांदा काही करायची माझी छाती नव्हती. नजरेसमोर धरून ठेवायचं की सोडायचं, ते तिचं तिनं ठरवायचं होतं, आणि उन्हाळ्याची सुट्टी माझ्या मनातून जवळजवळ गेलीच होती.

वारा नव्हता. एक उशिरा आलेली माशी कणीस शोधत फिरत होती.

सूनबाई वाकली. लेकीच्या डोक्यावरचं फडकं नीट बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. शर्टाच्या बाह्या खाली केल्या. मग आम्ही ज्या बाजूनं आलो होतो तिकडं तोंड करून तिला उभं केलं.

"दोन्ही हातांना काय लागलं पाहिजे म्हणाली आज्जी?"

"पानं."

"जा."

पोरगी आमच्या अंगाला घासून पुढं गेली आणि चार पावलांत पानांनी तिला गिळलं. राहिली नुसती सळसळ. ती पुढं पुढं जात होती. एकदा थांबली. सूनबाईनं माझं मनगट असं धरलं की माझ्या दोन बांगड्या मांसात रुतल्या. तिचे ओठ तिनंच दातांखाली धरले होते. सळसळ जरा डावीकडं गेल्यासारखी वाटली, मग पुन्हा सरळ झाली. बारीक झाली. आणि मग ऐकूच येईना.

पुढचा तेवढा वेळ आत्याबाईंनी माझ्या पोराला सोडलं त्या दिवसापेक्षा मोठा होता, एवढं सांगते.

"संपलं!" लांबून आवाज आला. बांधावरून. मोकळ्यावरून. "आज्जी, संपलं! आई, मी आले!"

सूनबाईनं एवढा मोठा श्वास सोडला की समोरचं पान हललं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. मला वाटलं आता माझी पाळी, आता ती बोलणार. पण तेवढ्यात पलीकडून पुन्हा आवाज आला, या खेपेला जरा बुचकळ्यात पडलेला.

"आई! इकडं बांधाच्या पुढं पण आहे! अजून एक ज्वारी आहे! ही पण आपलीच का?"

"नाही गं," सूनबाई ओरडली. आता ओरडायला हरकत नव्हती. "ती शेजारच्या काकांची!"

पोरगी हिशेब करत असावी.

"मग त्यांना विचारू या का? तिच्यात पण चालू असंल का बघायला?"

सूनबाईनं पदरानं तोंड पुसलं. चुना, पाणी, पिवळी पूड, सगळं एक झालं.

"आधी जेव! मग आपण दोघी जाऊन विचारू!" ती ओरडली आणि तास धरून झपाझप निघाली, हात दोन्ही बाजूंना पसरून, पानांना लावत.

दोघी, म्हणाली. मला कुणी मोजलंच नाही. मी तिथंच ताटाला धरून, गुडघा सरळ होण्याची वाट बघत उभी राहिले, आणि मान वर करून कणसांच्या खालच्या, न उघडलेल्या भागाकडं बघत, उद्या पहाटे मुलाला न सांगता इथं कसं यायचं याचा विचार करायला लागले.